बांधावरच्या शेरात पेट्रोल नाही

"बांधावर शेर असेल तर तुमच्या दारात पेट्रोलची विहीर आहे," असे सांगणारा एक संदेश सध्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. शेराचा, म्हणजे बांधाला कुंपण म्हणून लावतात त्या झुडपाचा, चीक गाळून निम्म्या डिझेलमध्ये मिसळावा, इंजिन चालते; नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने हे सिद्ध केले आहे; एकरी 10 बॅरल तेल मिळते; तेल कंपन्यांनी हे दडपले; आणि शेवटी रोपांसाठी फोन नंबर, असा त्याचा एकंदर मजकूर आहे. माझ्याकडे तो चार वेळा आला आणि चारही वेळा मी तो पुसून टाकला. परंतु गडहिंग्लजकडे शेती करणाऱ्या आमच्या धाकट्या काकांनी तो खरा मानून विळ्याने फांद्या छाटल्या, चीक बाटलीत धरला आणि पॉवर टिलरच्या टाकीत ओतण्याआधी, सुदैवाने, मला फोन केला. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला मुद्दा चिकाचाच, कारण त्यात धोका आहे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला इजा होते, असह्य जळजळ होते आणि काही दिवस दिसेनासेही होऊ शकते; नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केलेल्या आहेत. आपल्याकडे लहान मुलांना शेराच्या कुंपणापासून हाकलतात ते उगीच नाही. तरीही संदेशात "फांदी मोडा, चीक गोळा करा" एवढेच लिहिले आहे, काळजीचा एक शब्दही नाही. काकांच्या मनगटावर लाल चट्टे उठले होते आणि त्याच हाताने ते घाम पुसत होते. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

आता इंजिनाचे पाहू. चिकाचा बराचसा भाग पाणी असतो. उरलेल्यात रबर आणि ट्रायटर्पीन नावाची, 30 कार्बन अणूंची जड संयुगे असतात, तर पेट्रोलमधले रेणू साधारण 4 ते 12 कार्बनांचे असतात. काकांनी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलेला चीक दुसऱ्या दिवशी पाहिला, तेव्हा वर दुधाच्या सायीसारखा चिवट थर जमला होता आणि बोटाने ओढला की तो ताणला जात होता. हा थर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये बसला असता तर डिझेलचा पंप उतरवून दुरुस्तीसाठी कोल्हापूरचे उद्यमनगर गाठावे लागले असते.

नोबेल विजेत्याचा उल्लेख मात्र पूर्ण खोटा नाही, हे मान्य करावे लागते. प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनासाठी 1961 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले मेल्विन कॅल्विन यांनी 1970 च्या दशकात शेराच्याच कुळातल्या वनस्पतींपासून इंधन मिळवण्याची कल्पना मांडली होती. पण त्यांची पद्धत म्हणजे अख्खी झाडे कापून वाळवायची, द्रावकाने त्यातला अर्क काढायचा आणि तो अर्क तेलशुद्धीकरणासारख्या प्रक्रियेतून न्यायचा. एकरी 10 बॅरल, म्हणजे सुमारे 1,590 लिटर, हा अंदाज होता. प्रत्यक्ष लागवडीत उत्पन्न त्याहून कमी आले, आणि 1980 च्या दशकात खनिज तेल स्वस्त झाल्यावर हा विषय मागे पडला.

तेल कंपन्यांनी दडपल्याची कथा तर एका संदर्भातच कोसळते. वनस्पतींच्या चिकातल्या संयुगांपासून झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या उत्प्रेरकाने (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाने) पेट्रोल बनवता येते, हे 1979 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ मोबिल या तेल कंपनीचेच होते. ज्यांनी लपवले म्हणायचे, त्यांनीच छापले! "तमिळनाडूच्या खेडूत शास्त्रज्ञाला तुरुंगात डांबले" हे जे संदेशात आहे, ते रामर पिळ्ळै यांचे प्रकरण. झाडपाल्यापासून पेट्रोल करतो असे 1996 मध्ये सांगणाऱ्या या गृहस्थांना चेन्नईच्या न्यायालयाने 2016 मध्ये फसवणुकीबद्दल 3 वर्षांची शिक्षा सुनावली. टोल्युइन, नॅप्था यांसारख्या पेट्रोलियम पदार्थांचे मिश्रणच ते 'मूलिका', म्हणजे वनौषधी, पेट्रोल म्हणून विकत होते, असे सीबीआयचे म्हणणे होते.

"मग पेट्रोलमध्ये उसाचे इथेनॉल कसे चालते?" हा काकांचा प्रश्न रास्त होता. ते चालते, आपल्याच भागातल्या मळीपासून तयार होते आणि 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेही जाते. पण ते पेट्रोलसारखे हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे संयुग, नव्हे; त्यात ऑक्सिजन असतो आणि लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी मिळते. 27 ऑगस्ट 2018 रोजी डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या विमानाच्या इंधनातही मोगली एरंडाच्या तेलापासून केलेला भाग होता, परंतु तो डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने हायड्रोजनची प्रक्रिया करून तयार केला होता, फडक्याने गाळून नव्हे.

राहिला रोपांचा फोन नंबर. शेराची फांदी मोडून मातीत खोचली तरी फुटते, आणि काकांच्या दोन बांधांवर तो वडिलांच्या काळापासून उभा आहे. तरीही त्यांनी पन्नास रोपांचे पैसे आगाऊ पाठवून ठेवले होते.