ऑपरेशनच्या फोटोनंतर त्या पोराकडे कोण बघतं?

कॉक्लिअर इम्प्लान्ट, म्हणजे कर्णबधिर मुलाला ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते यंत्र. त्याचं मशीन पहिल्यांदा चालू करतात त्या दिवसाचे व्हिडिओ मला अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. "बाई, तुमच्या विषयातलं आहे, बघा." आईच्या मांडीवर बाळ, समोर कॉम्प्युटर घेऊन बसलेली ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारी तज्ज्ञ. बाळ एकदम थबकतं, डोळे मोठे करतं, कधी भोकाड पसरतं. आई रडते, खाली बदामांचा पाऊस. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत नोकरीचा सगळा काळ घालवल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, या बाळाचं वय काय? आणि दुसरा, ही माणसं राहतात कुठे?

पैसा, कौतुक, पेपरातल्या बातम्या, पुढाऱ्यांसोबतचे फोटो, सगळं ऑपरेशनच्या दिवसाभोवती गोळा होतं. त्याच्या आधी फुकट गेलेली वर्षं आणि नंतरची दहा-पंधरा वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसतात. माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे. जरा लांबण लागेल, वेळ असेल तर वाचा.

आधी वयाचं. दर हजार जन्मांमागे एक ते तीन बाळं ऐकण्यातला मोठा दोष घेऊन जन्माला येतात. दिसायला बाळ ठणठणीत. हसतं, हुंकारतं, अंगावर नीट पितं. शंका आलीच तर आजी पाठीमागे ताट वाजवून बघते. बाळ वळतं आणि घरादाराचा जीव भांड्यात पडतो. आता ते सावली हलली म्हणून वळलं, फरशीला हादरा बसला म्हणून वळलं, की खरंच ऐकून वळलं, हे ताट काही सांगत नाही. शिवाय बऱ्याच मुलांना जाड, खालच्या पट्टीतले आवाज थोडेफार ऐकू येतात. दार आपटलं की ती दचकतात. पण 'स', 'श', 'फ' त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. घरचे म्हणतात, "ऐकू येतं हो त्याला, हट्टी आहे, लक्ष देत नाही." पुढचं वाक्य तर मला पाठच आहे: "याचे वडील पण उशिराच बोलले." मग एखादा नवस, मध-वेखंड, जिभेखालचा पडदा कापून आणणं. असं करत करत पोरगं चार-पाच वर्षांचं होतं, आई त्याला शाळेत घेऊन येते आणि विचारते, "बाई, शाळेत घातला की बोलेल ना?"

त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

खरं तर हे सगळं पहिल्या आठवड्यात कळू शकतं. ओएई नावाची तपासणी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवायची, त्यातून टिकटिक आवाज सोडायचा. आतल्या कानाच्या पेशी धड असतील तर त्या आवाजाला उत्तर म्हणून स्वतःच एक अगदी क्षीण आवाज करतात आणि तो मशीन टिपतं. ना सुई, ना भूल. काही मिनिटांचा मामला. शंका आली की पुढे बेरा. त्यात डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत जातो का ते बघतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार चढली असेल, वेळेआधी झालं असेल, तर ओएई 'पास' आली तरी बेरा करून घ्याच. अशा काही बाळांचा कान ठीक असतो, पण नसेतून निरोप नीट पुढे जात नाही आणि ओएईला ते कळत नाही.

जगभर एक साधा हिशेब मानतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन (श्रवणयंत्र) आणि शिकवणी सुरू. तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक अभ्यास छापला. सहा महिन्यांच्या आत निदान झालेली मुलं आणि त्यानंतर निदान झालेली मुलं यांच्या भाषेची त्यांनी तुलना केली. आधी कळलेली मुलं स्पष्टपणे पुढे होती, आणि बहिरेपण कमी की जास्त याने तो फरक पुसला जात नव्हता. भाषेसाठी मेंदू पहिल्या तीन-चार वर्षांत जसा तयार असतो तसा पुन्हा नसतो. आमच्याकडे येणारी मुलं नेमकी ती वर्षं संपवून यायची.

आपल्याकडे योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. त्याआधी २००६-०७ पासून बहिरेपणा प्रतिबंधाचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय अली यावर जंग संस्था १९८३ पासून उभी आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. पण डोंगरातल्या वाडीवरून जिल्ह्याला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि आल्यावर 'बाळ झोपलेलं नाही, पुढच्या मंगळवारी आणा' असं ऐकावं लागलं की आई पुन्हा येत नाही. तिला दोष देणाऱ्यांनी एकदा रडणारं मूल कडेवर घेऊन एसटीने दोन गाड्या बदलून बघाव्यात. बाळंतपणं आता बहुतेक दवाखान्यातच होतात. घरी सोडताना कार्डावर वजन लिहितात, बीसीजी, पोलिओ, कावीळ-बीच्या नोंदी करतात. तिथेच 'श्रवण तपासणी' असा एक रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय डिस्चार्ज नाही. माझी मागणी विचाराल तर एवढीच आहे. कॉक्लिअरच्या एका ऑपरेशनच्या पैशात कितीतरी बाळं तपासून होतील.

(कारणं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: बरंच बहिरेपण आनुवंशिक असतं, आणि आई-बाप दोघेही चांगले ऐकणारे असले तरी दोघांकडून एकेक सदोष जनुक येऊ शकतं. मामाची, आत्याची मुलगी करण्याच्या रिवाजात ती शक्यता वाढते. गरोदरपणातला रुबेला हेही कारण, म्हणून मुलींना रुबेलाची लस आधीच, गरोदर राहण्यापूर्वी, द्यायला टाळू नका. सुनेला 'ग्रहणात भाजी चिरलीस' म्हणून छळणं तेवढं थांबवा.)

आता नंतरचं. लोकांना वाटतं, चष्मा लावला की दिसतं तसं मशीन लावलं की ऐकू येतं. येतो तो आवाज. त्याचा अर्थ यायला वर्षं लागतात. ज्याने 'पाणी' हा शब्द कधी ऐकलाच नाही त्याच्या कानात तो पडला काय आणि मिक्सर चालू झाला काय, सुरुवातीला दोन्ही सारखेच. रोज, घरात, भांडी घासताना, अंघोळ घालताना कुणीतरी त्याच्याशी बोलत राहावं लागतं. आमच्या शाळेत एक आई होती, शिवणकाम करायची. सकाळी पोराच्या कानामागे मशीन अडकवलं की हात आडवा धरून तोंड झाकायची, म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत, आणि एकेक आवाज काढायची: आ, ऊ, ई, म्, श, स. ऐकू आला की पोराने डब्यात एक बटण टाकायचं. तिच्याकडे बटणांना काय तोटा! ज्या दिवशी 'स'ला बटण पडायचं नाही त्या दिवशी ती सेल बदलायची, तरी नाही तर नळी पुसून बघायची, तरीही नाही तर आम्हाला फोन. सहा आवाजांची ही चाचणी डॅनिअल लिंग यांची, सगळ्या ऑडिओलॉजिस्टना माहीत असते. पण ती रोज करणारं घर सापडलं की मी त्या पोराची काळजी सोडून द्यायचे.

उलट, मशीन खराब होईल म्हणून डबीसकट कपाटात कुलूपबंद ठेवणारी घरंही पाहिलीत. काही घरांत रोज लावतात, पण लग्नाकार्यात काढून ठेवायचं, चार लोकांत दिसायला नको. आणि मोल्ड! कानात बसणारा तो साचा पोराचा कान वाढला की सैल होतो, आवाज बाहेर गळतो आणि मशीन कुंईऽऽ करत शिट्टी मारतं. लहान मुलाला तो काही महिन्यांनी नवा लागतो. साध्या शाळेतले गुरुजी म्हणतात, "ते काढून ठेव बाबा, वर्गाला त्रास होतो." झालं, मशीन दप्तरात. पावसाळ्यात दमट हवेने नळीत पाणी धरतं. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, हे सांगायलाही कुणी नसतं. फुकट मशीन वाटपाची शिबिरं मी बरीच पाहिली. मोल्ड आणि सेलवाटपाचं शिबिर एकदाही नाही.

कॉक्लिअरचं तर आणखी महाग दुखणं. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना इम्प्लान्ट मिळतं, त्याला लाखांत पैसे लागतात, सरकार देतं, चांगलंच आहे. पण बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे कानामागे लावायचा आवाज पकडणारा भाग, रोज वापरायची वस्तू आहे. पोरगं खेळतं, पडतं, घामाघूम होतं. केबल तुटते, डोक्याला चिकटणारी कॉईल जाते. वॉरंटी संपली की केबल हजारांत आणि प्रोसेसर लाखांत. शेतमजुराच्या घरात केबल तुटली म्हणजे पोरगं पुन्हा बहिरं, पैसे जमेपर्यंत. शिवाय मॅपिंग, म्हणजे प्रत्येक मुलाप्रमाणे मशीन जुळवून घेणं. पहिल्या वर्षी त्यासाठी वारंवार जावं लागतं, आणि ते बहुतेक मोठ्या शहरांतच होतं. केरळने 'श्रुतितरंगम' योजनेतून भरपूर मुलांना इम्प्लान्ट दिली, पण मशीनं जुनी झाल्यावर दुरुस्तीचा खर्च कोणाचा हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच. तेव्हा आपण तरी आधीच शहाणं व्हावं. ऑपरेशन मंजूर करताना पुढच्या दहा वर्षांच्या सुट्या भागांचे आणि थेरपीचे पैसे त्याच फायलीत मंजूर करा. नाहीतर ते लाखो रुपये कपाटात जातात.

आता ज्यावर मला शिव्या बसतात तो मुद्दा. खूणभाषा.

१८८० साली मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त तोंडी बोलणं शिकवायचं असं ठरलं. भारतातली पहिली कर्णबधिर शाळा मुंबईत १८८५ ची, त्यामुळे आपल्या शाळा त्याच वाऱ्यात वाढल्या. आमच्याकडेही वर्गात हात खाली ठेवायचा नियम होता. आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बघावं तर मोठी पोरं लहानांना हातांनी अख्खी क्रिकेट मॅच सांगतायत, नक्कल करतायत, भांडतायत, चहाड्या करतायत. दिवसभर वर्गात 'प, फ, ब' करून दमलेलं पोर तिथे खऱ्या अर्थाने बोलायचं. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच मालिकेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूवरला. एकशेतीस वर्षांनी!

खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा आळस करेल का, यावर संशोधकांतही दोन तट आहेत आणि ते अजून भांडतायत. पण कोणतीच भाषा न मिळता पहिली वर्षं गेली तर नुकसान होतं, यावर त्यांचं भांडण नाही. मग ज्या घरात मशीन कधी येईल, थेरपी मिळेल का, केबल टिकेल का, यातलं काहीच नक्की नाही, त्या घरातल्या बाळाला हातांची भाषा आजपासून द्यायला काय हरकत आहे? मशीन चाललं तर उत्तम, दोन भाषा येतील. आपली पोरं मराठी-हिंदी-इंग्रजी एकदम शिकतातच की. कर्णबधिर मुलांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या घरात जन्मतात, त्यामुळे आधी शिकायचंय ते आई-बापांना. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश केला, तो फुकट बघता येतो. घरातल्या एकाने जरी रोज चार खुणा उचलल्या तरी पोराशी जेवताना बोलता येतं.

अजून एक, कायद्याच्या पट्टीत न बसणाऱ्यांबद्दल. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचा दोष असेल तरच मूल 'कमी ऐकू येणारं' धरतात. पन्नासचा दोष असलेलं, किंवा एकाच कानाने ऐकणारं मूल त्यात येत नाही. ते मागच्या बाकावर बसतं, निम्मं चुकतं, आणि 'मठ्ठ' ठरतं. त्याला दाखला नको, पुढचा बाक आणि फळ्याकडे पाठ करून न बोलणारे मास्तर हवेत. याला एक रुपया लागत नाही, तरी होत नाही.

कमेंटमध्ये 'कुठे दाखवू' विचाराल म्हणून आधीच सांगते. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी विचारा, म्हणजे बाळांच्या लवकर निदानाचा विभाग. जिथे तो चालू नसेल तिथे जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात ओएई आणि बेराची चौकशी करा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याची संस्था. जाताना बाळाचं डिस्चार्ज कार्ड न्या, बाळाला गाडीत झोपू देऊ नका, तिथे पोहोचल्यावर पाजून झोपवा. आणि रिपोर्ट हातात आला की 'सहा महिन्यांनी बघू' म्हणणाऱ्याला 'आजच का नाही' असं विचारायला लाजू नका.