समुद्राच्या योजनांनी मराठवाड्याचा पैसा खाल्ला म्हणे!

लातूर-बीडकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरायलाय. म्हणे आपल्याकडं समुद्र नाही तरी आपल्या टॅक्समधून कोकणात खारफुटी (खाडीच्या खाऱ्या चिखलातली झाडं) लावायलेत, सीआरझेडवर करोडो उडवायलेत, कोळ्यांना दोन महिने घरबसल्या पैसे, तिकडचं पाणी समुद्रात वाया अन् आपल्याला टँकर. राग समजतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरनं प्यायलंय. पण मेसेजमधलं एकेक वाक्य धरून बघा.

सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, ही पैसे वाटायची योजनाच नाही राव, नियम आहे तो! १९९१ ला पर्यावरण कायद्याखाली निघाला, २०११ अन् २०१९ ला बदलला. समुद्रकिनारी भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय बांधायचं, काय नाही, मुख्य काम एवढंच. उलट २०१९ ला दाट वस्तीच्या गावांत बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला, म्हणजे ढिलाईच दिली, अन् त्याचा फायदा कोळ्यापेक्षा रिसॉर्टवाल्याला जास्त असं माझं मत. तक्रारच करायची तर त्याची करा.

आता खारफुटीचा पैसा. २०२३ ला केंद्रानं 'मिष्टी' योजना आणली, ती आखली कॅम्पा अन् मनरेगाचा निधी जोडून. कॅम्पा म्हणजे प्रकल्पासाठी जंगलाची जमीन घेणाऱ्यांकडून वसूल केलेली भरपाई, ती जंगलासाठीच असते, त्यातून आपला कालवा होत नसतो. मनरेगातून तर आपल्याकडंही विहिरी झाल्यात की. किनाऱ्यासाठी दुसरा एक प्रकल्प महाराष्ट्र, आंध्र अन् ओडिशात आहे, त्याला ग्रीन क्लायमेट फंड नावाच्या आंतरराष्ट्रीय निधीचं अनुदान आहे, ते पण किनाऱ्याच्याच नावानं आलेलं. अन् हिशोबच काढायचा तर पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आठवा. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून आपले आठही जिल्हे त्यात होते, शेडनेट झाले, शेततळी झाली, ठिबक आलं, कोकणाचा एक जिल्हा नव्हता त्यात. तेव्हा त्यांनी असा मेसेज फिरवला असता तर आपल्याला कसं वाटलं असतं?

घरबसल्या पैशाचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, कारण माशांच्या विणीचा काळ असतो अन् समुद्रही खवळलेला असतो. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत ही बंदी अन् मासळी कमी मिळायचा काळ धरून तीन महिन्यांसाठी माणशी ४५०० रुपयांची तरतूद आहे, त्यातले १५०० त्या माणसानं स्वतः आधी भरायचे. तीन महिन्यांसाठी सरकारचे ३०००! ह्याला ऐश म्हणायचं का? आपल्या आठवडी बाजारात पोत्यावर सुकटीचा अन् बोंबलाचा ढीग लागतो ना, मापट्यानं मोजून घेतो आपण, भाकरीसोबत खातो, ते त्याच किनाऱ्यावर वाळवलेलं असतं. तिथं मासळी घटली की मापटं आपल्याकडंच महागतं.

अन् "आपल्याकडं समुद्र नाही" ह्याच्यावर तर मला थांबायचंच आहे. पैठणहून, नांदेडहून गोदावरी जाते कुठं? आंध्रात, बंगालच्या उपसागराला. तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, १९७८ पासून अभयारण्य, सुंदरबनानंतर देशातल्या मोठ्या खारफुटीत ज्याचं नाव निघतं ते. नदीनं आणलेल्या गाळावर ते उभं आहे. तो गाळ आता वरच्या धरणांत अडकतो, म्हणून तिकडं त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजायलाय. 'गाळमुक्त धरण' योजनेतून ट्रॅक्टरनं आपण शेतात टाकतो ना गाळ, तसलाच गाळ खाली कमी पडायलाय. शेतात टाकू नका असं म्हणत नाही मी, टाकाच, नाहीतरी तो धरणातच बसून राहतो. पण किनाऱ्याशी आपला संबंध नाही हे बोलू नका.

राहिलं "पाणी वाया". खाडीत गोडं अन् खारं पाणी मिसळतं तिथंच कोळंबीची पिल्लं मोठी होतात, खारफुटी तिथंच टिकते, म्हणून समुद्राला गेलेलं सगळंच पाणी वाया नसतं. कोकणातल्या उल्हास-वैतरणा नद्यांचं जादा पाणी गोदावरी खोऱ्यात आणा ही मागणी माझी पण आहे, निवेदनावर सही पण करीन, फक्त खाडीला किती सोडायचं ते आधी मोजून लिहा त्यात.