'वेग वाढवा, घोळ पातळ होईल' : अर्धाच खरा सल्ला

कागदावर खनिज भुकटी पाण्यात कालवून केलेल्या घोळाचा पातळ थर देतात. या कोटिंगबद्दल एक मेसेज फिरतोय : 'घोळ घट्ट वाटला तर पाणी घालू नका, मशीनचा वेग वाढवा. हलवलं की तो पातळ होतोच.' यातलं शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. सल्ला मात्र महागात पडू शकतो.

कॅल्शियम कार्बोनेटच्या घोळात वजनाने 65 टक्के भुकटी असेल, तर आकारमानाने ती साधारण 41 टक्के जागा व्यापते. मध्यम वेगाला असा घोळ पातळ होतो, कबूल. पण कागदावरचा जादा घोळ खरवडणाऱ्या पात्याखालची फट केसाहूनही अरुंद. तिथला कर्तनदर, म्हणजे फटीच्या मानाने घोळाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते माप, सेकंदाला दहा लाखांच्या घरात जातो. एवढ्या रेट्यात कण एकमेकांना खेटतात आणि घोळ उलट घट्ट होऊ शकतो. मग पात्याच्या कडेला थर साचतो, कागदावर रेघा उठतात. केओलिन या पांढऱ्या मातीच्या चपट्या कणांत हा त्रास लवकर दिसतो.

'ब्रूकफील्डवर रीडिंग चांगलं आलं होतं,' असं कुणीतरी म्हणणारच. ब्रूकफील्ड म्हणजे घोळात दांडी फिरवून घट्टपणा मोजणारं यंत्र. मिनिटाला 100 फेऱ्या मारणाऱ्या त्या दांडीला (स्पिंडलला) पात्याखालचं काय कळणार? त्यासाठी बारीक नळीतून घोळ दाबाने ढकलून घट्टपणा मोजणारा कॅपिलरी व्हिस्कोमीटर लागतो. वेगाला हात लावण्याआधी डिस्पर्संटची, म्हणजे कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाची, मात्रा तपासा. ती कमी पडली तशी जास्त झाली तरीही घोळ बिघडतो.