रेषेबाहेरच्या प्रशिक्षकांसाठी काही मौलिक सूचना

शाळेच्या फुटबॉल संघात आपल्या मुलाची निवड झाल्याबद्दल सर्वप्रथम आपले हार्दिक अभिनंदन. मुलाचे अभिनंदन सवडीने करता येईल, कारण सूचनाफलकावर यादी लागली त्या क्षणापासून हा मोसम आपला झालेला आहे. मुलाला याची जाणीव नसते. तो मधल्या सुट्टीत यादीतले स्वतःचे नाव पाहतो, मित्राच्या आडनावातली शुद्धलेखनाची चूक सापडली म्हणून पोट धरून हसतो आणि घंटा झाली की वर्गात जाऊन बसतो. इतक्या बेफिकीर व्यक्तीच्या हाती साखळी फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंतचा कारभार सोपवणे धोक्याचे आहे, म्हणून अनुभवाअंती जमवलेल्या काही सूचना विनम्रपणे पुढे ठेवत आहे.

जर्सीच्या क्रमांकापासून सुरुवात करावी. 10 हा क्रमांक आपल्याच मुलाला मिळाला पाहिजे. संघात 18 मुले असतील आणि 18 घरांतून हीच मागणी आली असेल, तर क्रीडाशिक्षकांनी 10 क्रमांकाच्या 18 जर्सी शिवून घ्याव्यात. कोणाला कार्ड दाखवायचे ते पंच चेहरा पाहून ठरवतील.

त्यानंतर जागेचा प्रश्न येतो. आपला मुलगा आघाडीलाच खेळला पाहिजे, कारण बचावफळीतल्या खेळाडूचे फोटो चांगले येत नाहीत. दुर्दैवाने तो गोलरक्षक निघालाच, तर त्याच्याकडून भरपाई वसूल करावी. दोन खांबांमधले अंतर 7.32 मीटर आणि आडव्या दांडीची उंची 2.44 मीटर, ही मापे मोठ्या माणसांच्या सामन्यांची आहेत. लहान गटांसाठी छोटा गोल वापरण्याची मुभा नियमांतच दिलेली आहे. ही मुभा पुस्तकातच राहते आणि अनेक मैदानांवर मोठ्या मापाचाच सांगाडा उभा असतो. धाकट्या गटातल्या मुलाने जीव खाऊन उडी मारली तरी त्याची बोटे दांडीच्या वीतभर खाली राहतात. त्या वीतभर जागेतून चेंडू आत गेला असेल, तर घरी परतताना गाडीत त्याची सविस्तर उलटतपासणी घ्यावी. तो उत्तर न देता खिडकीबाहेर पाहू लागला, की मुद्दा पोहोचला असे समजावे.

सराव बुडाला तरी चालेल. संघाचा फोटो बुडता कामा नये.

व्यूहरचना क्रीडाशिक्षकांना व्हॉट्सॲपवर रात्री अकरानंतरच पाठवावी, कारण दिवसा ते शाळेत कामात असतात. दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर सकाळी प्रश्नचिन्ह पाठवावे.

आपला मुलगा राखीव खेळाडूंत बसलेला दिसला, तर त्यामागे कारस्थान आहे हे वेगळे सांगायला नको. वयोगटासाठी 1 जानेवारी ही तारीख धरली, तर एकाच गटातला जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो, आणि त्या वयात एका वर्षाने खांद्याची रुंदी, धावण्याचा वेग आणि धक्का सोसण्याची ताकद असे सगळेच बदलते. निवड करणाऱ्यांना थोराड मुले अधिक गुणी वाटतात आणि त्यामुळे गटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची संघांत गर्दी होते, हे संशोधक 1980 च्या दशकापासून वेगवेगळ्या खेळांत दाखवत आले आहेत. ही माहिती आपल्या काही कामाची नाही, कारण तिच्यातून एवढेच निघते की मुलाला एक-दोन वर्षे नुसते खेळू द्यावे आणि वाढू द्यावे. आपण थेट मुख्याध्यापकांची भेट मागावी. युवा गटांत बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात आणण्याची सोय नियमांनी ठेवलेली आहे, म्हणजे मनात आणले तर प्रशिक्षक राखीव मुलांनाही आळीपाळीने खेळवू शकतात. आपला मुलगा बाहेर बसला असेल तेव्हा या सोयीचा जोरदार पुरस्कार करावा आणि तो आत असेल तेव्हा तितकाच जोरदार विरोध करावा.

आता मुख्य विषय, म्हणजे पंच. पंच मैदानावर असतो तो आपला घसा मोकळा व्हावा म्हणून, आणि तो वयाने जितका लहान तितकी आपली सोय अधिक. गेल्या शनिवारच्या साखळी सामन्याला शाळेचीच एक माजी विद्यार्थिनी पंच होती. वय सतरा, पंचांचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेला, काळा शर्ट दोन मापांनी मोठा आणि त्याच्या बाह्या सारख्या कोपराखाली येणाऱ्या. मी रेषेवर झेंडा घेऊन उभा होतो, कारण शालेय सामन्यांना रेषापंच मिळत नाहीत आणि पालकांपैकी जो नजर चुकवायला उशीर करतो त्याच्या हाती झेंडा येतो. उत्तरार्धात समोरच्या संघाने बाजूच्या रेषेवरून दोन्ही हातांनी आमच्या बचावफळीच्या पाठीमागे लांब थ्रो-इन फेकला. त्यांचा आघाडीपटू तिथे एकटाच होता. त्याने चेंडू छातीवर घेऊन शांतपणे गोलात मारला. मी झेंडा वर केला नाही, त्या मुलीने शिट्टी वाजवली, मध्यवर्तुळाकडे हात दाखवून गोल दिला आणि "ऑफसाइड! ऑफसाइड!" असे ओरडत एक गृहस्थ थेट मैदानात शिरले.

बचावफळीच्या पलीकडे उभे राहून सहकाऱ्याचा पास घेणे एरवी ऑफसाइड ठरते, पण थ्रो-इन, कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) किंवा गोलकिक यांवरून चेंडू थेट आला असेल, तर तो घेणाऱ्याला ऑफसाइड देता येत नाही, असे फुटबॉलचा अकरावा नियम सांगतो. त्यातली थ्रो-इनची सूट 1920 सालची आहे, तेव्हा हा नियम वाचायला या गृहस्थांना, त्यांच्या वडिलांना आणि बहुधा आजोबांनाही पुरेसा अवधी मिळालेला होता. पण आदर्श पालक वाचत बसत नाही, तो व्हिडिओ काढतो. त्यांनी फोन त्या मुलीच्या तोंडासमोर धरला आणि चित्र दोन बोटांनी ताणून ताणून आघाडीपटू किती पुढे उभा होता ते दाखवायला सुरुवात केली. तो पुढे उभा होता हे कोणीच नाकारत नव्हते! एव्हाना आणखी दोघे-तिघे आत आले होते. एकाने हिला इथे नेमले कोणी, अशी चौकशी केली. दुसऱ्याने मुलींना ऑफसाइड कळत नाही, असे शास्त्रीय मत दिले, आणि ते दिले अशा क्षणी की तिथे जमलेल्यांत ऑफसाइड कळणारी मोठी व्यक्ती शोधायची तर तिच्याकडेच बोट दाखवावे लागले असते. शेवटी त्या गृहस्थांचाच मुलगा, आमचा डावा बचावपटू, जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, थ्रो-इनला ऑफसाइड नसतो." त्यावर त्याला मिळालेले उत्तर मी माझ्या कानांनी ऐकले: "तू मध्ये बोलू नकोस. तुला काय कळतं फुटबॉलमधलं?"

सामना थांबलेला असताना उरलेली मुले काय करत होती, तेही पाहण्यासारखे होते. ज्याने नुकताच गोल मारला होता तो मुलगा आमच्या गोलरक्षकाचे हातमोजे घालून पाहत होता आणि ते कुठून घेतले याची चौकशी करत होता. आमच्या मध्यरक्षकाने शिन गार्ड घरी विसरल्यामुळे मोज्यांत भूगोलाच्या वहीचे पुठ्ठे खोचून आणले होते आणि सामन्यापूर्वीच्या तपासणीत याच पंचांनी ते बाहेर काढायला लावले होते; उसनी शिन गार्ड बांधून तो आता ती सगळी हकिकत प्रतिस्पर्ध्यांना साभिनय सांगत होता आणि दोन्ही संघ गवतावर बसून हसत होते. त्या मैदानावर खेळाडूवृत्तीचा अभाव म्हणून जो काही होता, तो चाळिशीच्या पुढच्या वयोगटात होता.

पिवळी आणि लाल कार्डे 1970 च्या विश्वचषकापासून वापरात आली. कल्पना केन ॲस्टन या इंग्रज पंचांची होती, रस्त्यावरच्या सिग्नलचे दिवे पाहून त्यांना ती सुचली होती, आणि विशेष म्हणजे ते पेशाने शिक्षक होते. 2019 पासून ही कार्डे प्रशिक्षकांनाही दाखवता येतात. पालकांना दाखवण्याचे कार्ड एवढा काळ शाळेत काढलेल्या माणसाला कसे सुचले नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. ती मुलगी त्या साऱ्या प्रकारात एकही वाकडा शब्द बोलली नाही. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत उभी राहिली, गर्दी बाहेर गेल्यावर खेळ सुरू केला, वाया गेलेला वेळ नियमाप्रमाणे शेवटी भरून दिला आणि सामना संपल्यावर क्रीडाशिक्षकांना सांगितले, "सर, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बोलवा." आता बोलवा दुसऱ्या कोणाला तरी! पंचांची काय रांग लागलेली आहे शाळेच्या दाराशी?

असो. मार्गदर्शन पुरे केले पाहिजे.

सामना जिंकला तर श्रेय जनुकांना द्यावे.

सामना हरला तर मात्र घरी किमान दोन दिवस सुतक पाळावे, कारण मुले ते पाळत नाहीत. मागे एकदा आमचा संघ सहा गोलांनी हरला होता. दुसऱ्या दिवशी परिपाठाला कर्णधाराने ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, "काल आपल्या संघाला मोसमातला पहिला कॉर्नर मिळाला" असे जाहीर केले आणि सारी शाळा टाळ्यांनी दणाणली. मुख्याध्यापकांना हसू आवरण्यासाठी रुमाल काढावा लागला. पुढचा आठवडाभर जिन्यात, प्रयोगशाळेत, बसच्या रांगेत, कोणी काहीही साध्य केले की "कॉर्नर मिळाला" असे म्हणण्याची पद्धत पडली. गणितात काठावर पास झालेल्यालाही कॉर्नर मिळाला आणि फळा पुसण्यातून सुटका झालेल्यालाही. एका सुजाण पालकांनी मात्र शाळेला पत्र लिहिले की पराभवाची अशी चेष्टा केल्याने मुलांमधली जिंकण्याची ईर्ष्या नाहीशी होते. शाळेने परिपाठातला क्रीडावृत्तान्त बंद केला. हे यश लहान नाही. संपूर्ण मोसमात कोणत्याही पालकाला लाभलेला हा एकमेव निर्णायक विजय आहे.

आणि चेंडू आपल्या मुलाकडे आला की "मार! मार!" असे ओरडावे; त्याच वेळी त्याची आई "पास दे!" आणि आजोबा "थांब!" असे ओरडतील अशी व्यवस्था करावी.

बस झाले. हे असे लिहिण्यात आता मलाच गंमत वाटेनाशी झाली आहे, तेव्हा सरळच बोलतो. तुम्ही मैदानात घुसलात, फोन नाचवलात, सतरा वर्षांच्या मुलीवर चारचौघांत ओरडलात, आणि चूक तुमचीच होती. ती बरोबर होती. तुमचा मुलगा बरोबर होता आणि त्याला तुम्ही त्याच्या संघासमोर गप्प बसवलेत. त्यानंतर तो एकदाही तुमच्या बाजूच्या रेषेकडे आला नाही, थ्रो-इन घ्यायलाही त्याने दुसऱ्याला पाठवले. तुम्ही व्हिडिओ पाहण्यात गर्क होतात, म्हणून सांगतो. त्या मुलीची माफी मागा. फोन करून नको, समोर जाऊन मागा आणि मुलाला बरोबर न्या. तुमच्या पाठोपाठ आत आलेल्यांनीही मागावी, आणि मुलींना ऑफसाइड कळत नाही म्हणणाऱ्यांनी सर्वांच्या आधी. त्यानंतर रेषेच्या बाहेर बसा आणि टाळ्या वाजवायच्या असतील तर दोन्ही संघांसाठी वाजवा. घसा फारच खाजत असेल तर घरी थांबा. मुलाला मैदानावर सोडायला आणि न्यायला आम्ही कोणीही येऊ, तुमची आठवण निघणार नाही. परिपाठातला क्रीडावृत्तान्त परत सुरू करा असे पत्र मी शाळेला लिहिले आहे आणि त्यावर सह्या हव्या आहेत.

येत्या शनिवारी पुढचा सामना आहे. पंच अजून मिळालेला नाही. रेषापंचाचा झेंडा क्रीडासाहित्याच्या खोलीत, जाळ्यांच्या पिशवीमागे ठेवलेला आहे. ज्यांना माझ्या नजरेबद्दल शंका आहे त्यांनी अर्धा तास आधी येऊन तो खुशाल घ्यावा, मात्र अकरावा नियम वाचून यावे.