नव्वद दिवस मोबाईल बंद आणि ऑटिझम गायब? नानाकाका, जरा थांबा

रविवारी दुपारी भावजयीचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला. "ताई, मी त्याला भरवताना कार्टून लावून द्यायचे. माझ्यामुळेच झालं का हो हे?"

भाचा सव्वादोन वर्षांचा आहे. नावाने हाक मारली तर वळत नाही, काही हवं असेल तर बोट दाखवत नाही, समोरच्याचं मनगट धरून फ्रिजपाशी ओढत नेतो. दीड महिना थांबून मिळालेली डॉक्टरांची वेळ तिने त्याच सकाळी रद्द केली होती. का, तर घरच्या ग्रुपवर नानाकाकांनी टाकलेला मेसेज.

मेसेज थोडक्यात असा. ऑटिझम (स्वमग्नता) वगैरे काही नसतं, तो मोबाईलने होणारा 'व्हर्च्युअल ऑटिझम' असतो. आईला वेळ नसतो म्हणून ती मुलाच्या हातात मोबाईल देते. नव्वद दिवस स्क्रीन बंद, की मूल ठणठणीत. उरलेली कारणं म्हणजे लसी, गहू आणि दूध. आपल्या आजोबांच्या काळी हे नव्हतं. आणि डॉक्टरकडे नेऊ नका, मुलगे उशिराच बोलतात, उगाच शिक्का बसतो. तळाला एक नंबर आणि 'ब्रेन डिटॉक्स' कोर्सची फी. हा कोर्स व्हिडिओ कॉलवर होतो म्हणे. मोबाईल सोडवायला मोबाईल!

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे, त्यामुळे असल्या मेसेजपुढे माझा संयम टिकत नाही. आधीच सांगून ठेवते.

आधी मोबाईल. नानाकाका, १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातून एका वडिलांनी बाल्टिमोरच्या बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या मुलाबद्दल पत्र पाठवलं. टाईप केलेलं, तेहतीस पानी. मुलगा डोनाल्ड, वय पाच. ठोकळे, तवे, जे गोल दिसेल ते गरगर फिरवत बसायचा. दोन वर्षांचा व्हायच्या सुमारास बायबलातलं अख्खं स्तोत्र त्याला पाठ होतं, पण हाक मारली तर ओ देत नसे. स्वतःला 'मी' म्हणायच्या ऐवजी 'तू' म्हणे. कॅनरनी त्याच्यासारखी अकरा मुलं तपासून १९४३ मध्ये लेख लिहिला. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन म्हणून जगभर ज्याचा दाखला देतात तो हाच. आठ मुलगे, तीन मुली. त्यांच्या हातात कोणता मोबाईल होता? तेव्हा घरोघरी टीव्हीसुद्धा आलेला नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आमचा लेक तीन वर्षांचा असताना स्टीलची वाटी फरशीवर फिरवायचा आणि ती थांबेपर्यंत गाल जमिनीला टेकवून तिचा आवाज ऐकायचा. तहान लागली की मला म्हणायचा, "तुला पाणी हवं?" कारण मी त्याला तसंच विचारायचे. आम्हाला वाटायचं, किती गुणी बाळ, आईला पाणी विचारतंय.

आता अर्धं खरं आहे ते कबूल करते, जिवावर आलं तरी. लहान मुलांना स्क्रीन वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की पहिली दोन वर्षं स्क्रीन नकोच, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत. दिवसभर कार्टूनसमोर बसलेल्या मुलाशी कुणी बोलतच नाही, मग त्याचं बोलणं मागे पडतं. मोबाईल काढून माणसं बोलायला लागली की ते वाढतंही. अशी मुलं दाखवून मेसेजवाले 'ऑटिझम बरा झाला' म्हणतात. शिवाय ऑटिझम असलेल्या मुलाला तेच ते गाणं, तेच ते चित्र मुळातच आवडतं, म्हणून ते मोबाईलला चिकटतं. कशामुळे काय झालं, हे एवढ्यावरून ठरत नाही. 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं निदान डॉक्टरांच्या अधिकृत यादीत नाही. स्क्रीन बंद करा, जरूर करा. पण ती बंद करून तपासणीलाही जा.

आणि 'आईला वेळ नसतो' हे वाक्य. मला सगळ्यात संताप याचा आला. हा आरोप नवा नाही. एके काळी भलेभले डॉक्टर म्हणत की आई मायेने कोरडी, बर्फासारखी थंड, म्हणून मूल असं झालं. कॅनरच्या लिखाणातही तो सूर होता. पुढे १९६९ मध्ये त्यांनीच पालकांच्या सभेत, तुम्ही यात दोषी नाही, असं जाहीर सांगितलं. त्याआधी, १९४३ पासूनची सव्वीस वर्षं, किती आयांनी स्वतःला खाल्लं असेल! माझी भावजय नोकरी करते, घर सांभाळते, सासूची डायलिसिसची पाळी सांभाळते. तिने वरणभात भरवताना दहा मिनिटं कार्टून लावलं, यावर बोलणाऱ्यांनी आधी एक दिवस त्या पोराला भरवून दाखवावं.

लसींबद्दल: कॅनरची मुलं पुन्हा आठवा. गोवराची लस अमेरिकेत आली १९६३ मध्ये, गोवर-गालगुंड-रुबेला यांची एकत्र लस, म्हणजे एमएमआर, १९७१ मध्ये. लेख १९४३ चा. हिशेब तुम्हीच करा. वेकफील्ड नावाच्या ज्या ब्रिटिश डॉक्टरच्या १९९८ च्या लेखावरून हे लसींचं सगळं उठलं, त्यात बारा मुलं होती. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासली; एमएमआर दिलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. आणि गोवर काय करतो ते २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या साथीत पाहिलं आपण.

गहू-दूध: खरी अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर सांगतील. आमचा लेक पोळी, दूध आणि दहीभात एवढंच खायचा. त्यातून गहू आणि दूध काढा, मग घाला जेवायला.

'आजोबांच्या काळी नव्हतं.' होतं, नानाकाका. तुमच्याच गावात होतं. एसटी स्टँडवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ तोंडपाठ सांगणारा तुमचा चुलतमामा आठवतो? सगळे त्याला 'येडा बापू' म्हणायचे. निदान नव्हतं, बापू होता.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. थांबा. शिक्का बसेल. दोन वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. स्पीच थेरपी (बोलण्याचे उपचार) आणि ओटी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. शिक्क्याचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत ऑटिझम आहे. माझ्या लेकाला परीक्षेत जादा वेळ मिळेल तो त्याच 'शिक्क्या'मुळे. आणि पैशांचं कारण असेल तर अनेक जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणारं सरकारचं डीईआयसी केंद्र असतं, तिथे फी नाही. तळाच्या नंबरवाल्याला विचारा, तो काय घेतो.

मेसेज मी ग्रुपवर उत्तरासकट परत टाकला. नानाकाकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, म्हणजे पटलं की राग आला, ते कळलं नाही.

डॉक्टरांची वेळ परत मिळाली आहे. त्याआधी ऐकू नीट येतं ना ते बघायला गुरुवारी बेरा टेस्ट. ती मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून बुधवारी रात्री भाच्याला उशिरापर्यंत जागवायचंय. भावजयीने विचारलं, कसं जागवू? म्हटलं, लाव कार्टून.