चालत? पण का?

गेल्या संकष्टीपासून माझ्या सॅकला बोंबलांचा वास येतोय. दोनदा धुतली, तीन दिवस उन्हात टाकली, शेवटी बायकोने तिला गॅलरीबाहेर लटकवलं. आता खालच्या मजल्यावरून तक्रार आहे.

ठरवलं होतं इतकंच, की दापोलीजवळच्या मुरूडहून केळशीपर्यंत किनाऱ्याने पायी जायचं. सोबतचे दोघे आयत्या वेळी गळाले. एकाची मीटिंग होती. रविवारी. मी एकटाच निघालो, आणि हर्णैच्या अलीकडे एका पडवीत सुपाऱ्या सोलत बसलेल्या आजोबांनी मला हटकलं.

"कोणाकडे आलात?"

"कोणाकडे नाही. केळशीला चाललोय."

"गाडी कुठाय?"

"गाडी नाही. चालत."

सोलणं थांबलं. "एसटी चुकली?"

"नाही हो, चालायलाच आलोय."

"बंद पडली का मग गाडी?"

"आजोबा, गाडी आणलीच नाही."

"म्हणजे घरीच बंद पडलीय."

यावर काय बोलणार? मी पाणी प्यायलो. ते गप्प बसतील असं वाटलं, पण ते नुसते नव्याने जुळवाजुळव करत होते.

"आज संकष्टी. कड्यावरच्या गणपतीला नवस आहे, सरळ सांगा की. लाजायचं काय त्यात?"

"नवस नाही."

"मग साखर आहे. डॉक्टरने चालायला सांगितलंय."

मी थकलो होतो. "हो, थोडी आहे," म्हणून टाकलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. एकदाचं कारण सापडलं! लगेच आत आरोळी गेली, "अगो, पाहुण्यांना चहा टाक, बिनसाखरेचा!" तो चहा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, कारण ते समोर बसून बघत होते.

मग बुटांकडे नजर गेली. किंमत साडेसात हजार. मी दोन हजार सांगितली. तरी त्यांनी कपाळाला हात लावला.

"यात पाणी शिरत नाही," मी म्हणालो.

"आणि वरून शिरलं तर बाहेर कसं पडायचं?"

दुकानात हा प्रश्न मला सुचला नव्हता. सकाळी मुरूडच्या पुळणीवर एक लाट घोट्याच्या वरून आत आली होती, तेव्हापासून दोन्ही पावलं लोणच्यासारखी मुरत होती.

याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे पोरवयात परीक्षेला साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, घाट चढून, भर पावसात. आणि तिथे त्यांना, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून परत पाठवलं. हे मी आजोबांना ऐकवलं. ते म्हणाले, "त्यांना परीक्षा होती. तुम्हाला काय आहे?"

खरं सांगायचं तर मला काय होतं, तर राग. सकाळपासून नऊ किलोमीटरांत मी तीन वेळा उलटा फिरलो होतो. नकाशात पायवाट, प्रत्यक्षात कंपाउंड, वर काटेरी तार आणि 'खाजगी मालमत्ता, कॅमेऱ्याची नजर आहे'. पूर्वी जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, एखादं बेडं, आडव्या दांड्यांचं फाटक, असायचं, सरकवून गेलात की कोणी विचारत नसे. आता समुद्र दिसतो, पण त्याच्यापर्यंत जायचं तर खोली बुक करा. डांबरी रस्त्याने चालावं तर पर्यटकांच्या गाड्या कोपराला आरसा घासून जातात. कोकणचा ७२० किलोमीटरचा किनारा शाळेत पाठ केला होता. त्यातला चालण्यासाठी नेमका किती, हे पुस्तकात नव्हतं.

असो. मी उठलो. "टेकाडाच्या पायथ्याने खडकांवरून पुढच्या पुळणीवर उतरतो."

"आत्ता? आज तिथी कुठली?"

"संकष्टी."

"म्हणजे चतुर्थी. चाराचे पाऊणपट किती?"

"तीन."

"तीनला पूर्ण भरती. आत्ता दोन वाजलेत. जा, जा."

इतकंच गणित. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं. पण माझ्या फोनमधल्या चार ॲपांपैकी एकही त्या वेळी उघडेना, रेंजच नव्हती. म्हातारा मात्र सुपारी सोलत सोलत मला बुडण्यापासून वाचवून मोकळा झाला, आणि तेही किती तुच्छतेने!

एवढ्यावर थांबले असते तर मी आभार मानून गेलो असतो. पण रस्त्याने मासळीचे रिकामे क्रेट घेऊन एक टेंपो आला आणि त्यांनी तो हात करून थांबवला.

"ह्यांना आंजर्ल्याला गणपतीच्या पायथ्याशी सोड रे. पैसे घेऊ नको." आवाज किंचित खाली आणून, म्हणजे आख्ख्या वाडीला ऐकू जाईल इतका, "परिस्थिती नाही. त्यात साखर."

चालकाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती अजून जात नाही. मी नको म्हणायला हवं होतं. ओले मोजे म्हणाले, बस.

पुढे केबिनमध्ये दोन बायका होत्या, म्हणून मी मागे, क्रेटांत. प्रत्येक वळणाला एक क्रेट माझ्या सॅकवर निथळायचा. गणपतीच्या रांगेत माझ्या पुढच्या बाईंनी आधी पोराच्या चपला तपासल्या, मग पोराला, मग सावकाश मागे वळून मला.

तेवढ्यात रेंज आली आणि फोन किणकिणला. अभिनंदन, तुमचा आजवरचा सर्वात वेगवान किलोमीटर : १ मिनिट ३८ सेकंद.

ग्रुपवर टाकला मी तो. मीटिंगवाल्याने अंगठा दिलाय.