सुसंस्कृत व्हा, पण पकडले जाऊ नका

एखाद्या चित्रप्रदर्शनात तुम्ही शिरलात, चित्रासमोर उभे राहिलात आणि तुम्हाला काहीही झालं नाही, तर घाबरून जाऊ नका. आजूबाजूच्यांनाही काही झालेलं नसतं. अडाणी माणूस अशा वेळी पुढच्या चित्राकडे सरकतो. सुसंस्कृत माणूस दोन पावलं मागे सरकतो. मान किंचित डावीकडे झुकवा. डोळे बारीक करा. चष्मा असेल तर काढून हातात धरा. चित्र दिसेनासं होईल, पण तुम्ही उत्तम दिसाल. मग नाकाने एक लांब श्वास सोडा आणि म्हणा, "अवकाश छान हाताळलाय." अवकाश म्हणजे काय, हे कोणीही विचारणार नाही. विचारलं तर त्यालाच ते माहीत नाही, हे उघड होईल ना. आपला सगळा व्यवहार या परस्परसहकार्यावर चालतो.

हे मी उगाच सांगत नाही. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीस या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र लावलं होतं. शिडाची होडी आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब, एवढंच. ते ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखाहून जास्त माणसं त्या काळात तिथे येऊन गेली आणि कोणाची तक्रार नव्हती. शेवटी चूक पकडली ती एका शेअर दलाल बाईने. रखवालदाराने दाद दिली नाही, तेव्हा तिने थेट वर्तमानपत्राला कळवलं. यातून काहीजण भलताच धडा घेतात, की चित्राकडे नीट बघावं. तसं करू नका. त्या बाईचं नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? आणि मान तिरकी करून उभे राहिलेले ते सगळे मात्र ताठ मानेने घरी गेले.

'कल्चर' हा शब्द मुळात शेतातला. शेत कितीही सुपीक असलं तरी मशागतीशिवाय पिकत नाही, मनाचंही तसंच, असं सिसेरो या रोमन विचारवंताने इसवी सनापूर्वी ४५च्या सुमारास लिहून ठेवलं. चांगला माणूस होता, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. शेतात काय उगवलंय ते बांधावरून दिसतं. मनाला बांधच नाही, बघणार कुठून? मग नांगरणी-खुरपणीची उठाठेव हवी कशाला? एक बुजगावणं उभं केलं की झालं. अंगात बरे कपडे, हात पसरलेले, आणि जवळ यायची कोणाची छाती नाही.

संगीताचं सभागृह त्यामानाने धोक्याचं. टाळी कधी वाजवली यावर तिथे माणसाची इभ्रत ठरते. सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या लांबलचक रचनेचा, एक भाग संपतो, सगळीकडे शांतता पसरते आणि नवख्या माणसाचे हात शिवशिवायला लागतात. ते मांडीखाली दाबून बसा, सगळे भाग संपेपर्यंत. दुसऱ्या कोणी टाळी वाजवलीच, तर मागे वळून बघू नका. नुसते खांदे जरासे ताठ करा. अख्ख्या रांगेला कळतं. ३ जुलै १७७८ रोजी मोत्सार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. त्याची नवी सिम्फनी चालू असताना लोकांनी मध्येच टाळ्यांचा कडकडाट केला होता, आणि स्वारी इतकी खूश झाली की कार्यक्रम संपल्यावर जाऊन मोठं आइस्क्रीम खाऊन आली. मोत्सार्ट कसा ऐकायचा असतो, हे बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं पथ्य: तिकीट नसलेलं संगीत ऐकू नका. १२ जानेवारी २००७ रोजी वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात जोशुआ बेल या जगप्रसिद्ध वादकाने, डोक्यावर साधी टोपी घालून, ४३ मिनिटं व्हायोलिन वाजवलं. व्हायोलिन १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जगातल्या सर्वांत मौल्यवान व्हायोलिनांपैकी एक. समोरून १,०९७ माणसं गेली. थांबून ऐकणारी सात. बरोबरच आहे, भिंतीला टेकून उभं राहून वाजवणाऱ्याला दाद दिली आणि तो कोणीच नाही असं निघालं तर? पण या प्रसंगातला खरा शिकण्यासारखा भाग मुलांचा आहे. जे जे मूल तिथून गेलं, ते थांबायला बघत होतं, आणि दर वेळी आईने किंवा बापाने त्याला ओढत पुढे नेलं. संस्कार संस्कार म्हणतात ते हेच.

शिष्टाचाराचं तुम्हाला मी काय सांगणार? इरॅस्मस नावाच्या डच पंडिताने १५३० मध्ये मुलांसाठी वागणुकीची एक पुस्तिका लिहिली. बाहीला नाक पुसू नये वगैरे. तिथवर ठीक. पण शेवटाकडे त्याने एक विचित्र गोष्ट लिहून ठेवली: स्वतः चुकू नये, मात्र दुसरा चुकला तर सहज माफ करावं, सभ्यतेचं मर्म त्यातच आहे. बाहीचं कलम सगळ्यांनी उचललं आणि हे गाळलं, ते फार बरं झालं. नाहीतर कोणी एखाद्या परक्या लेखकाचं नाव चुकीचं उच्चारलं, की दोन वाक्यं जाऊ देऊन तेच नाव आपण अगदी सहज, बरोबर उच्चारतो, ते सुख कुठून मिळालं असतं? चूक दाखवून द्यायची नाही, हं. तो असभ्यपणा झाला. नुसतं उच्चारायचं, आणि समोरच्याचा चेहरा पडत असताना खिडकीबाहेर बघायचं.

पुस्तकं वाचावीत की नाही याबद्दल दुमत आहे. दिसावीत याबद्दल नाही. सजावटीसाठी पुस्तकं फुटाच्या मापाने विकणारे व्यावसायिक आहेत, तेव्हा तो प्रश्न मिटलेलाच समजा. कोणी एखाद्या कादंबरीचा विषय काढलाच, तर "शेवट पटला तुम्हाला?" एवढं विचारून गप्प बसा. दहा मिनिटांत गोष्ट कळते, वर चांगला श्रोता म्हणून नाव होतं. समोरच्यानेही हा लेख वाचला असेल, तर मात्र पंचाईत आहे.

हल्ली मोठी परीक्षा फोनवरच होते. एखादा थोर कलावंत गेला, की पंधरा मिनिटांच्या आत तुमचं दुःख सगळीकडे पोचलं पाहिजे. उशीर झाला तर ते नुसतंच दुःख उरतं. मजकूर आधीच तयार ठेवा, नावाची जागा मोकळी सोडून. 'एका पर्वाचा अस्त' हे चालतं, पण दोघांचा फोटो असेल तर उत्तमच. त्यात गेलेला माणूस थोडा कडेला आणि तुम्ही मध्यावर. ऑक्टोबरात साहित्याचं नोबेल जाहीर होतं. लेखकाचं नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं असेल, तर एकच शब्द लिहा: 'अखेर!'

एवढं सगळं पाळूनही एक अपघात होऊ शकतो. एखाद्या दिवशी एखादी गोष्ट खरोखरच आवडून जाते. माझं स्वतःचं झालंय असं. भरलेलं सभागृह, तिसरी रांग, मंचावर एकटीच बाई चेलो वाजवत होती, आणि काय झालं कोण जाणे, माझा घसा दाटून आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. 'अवकाश' हा शब्दसुद्धा आठवेना. रुमाल घरी राहिला होता आणि हात बाहीकडे निघाला होता, एवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मोठे जाणकार वाटत होते; मघापासून चष्मा हातातच धरून बसले होते. "धुळीची ॲलर्जी," मी पुटपुटलो. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि खिशातून रुमाल काढून पुढे केला. तो आधीच ओला होता. मी अर्थातच काही विचारलं नाही.